पडलेला ‘सांवरिया’ आणि आपण – आठवणी सांगा

घाटावरची
त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे साडेचारला लेकीला घेऊन कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर गेले होते. पणत्या लावून झाल्या, अजून उजाडलं नव्हतं. पाण्यावरचं धुकं आणि वातींचा धूर मिसळून निळसर पट्टा झाला होता, त्यात दिवे उलटे हलत होते. लेक म्हणाली, "आई, हे खरं वाटतच नाहीये." आणि मला एकदम २००७ ची भाऊबीज आठवली.

त्या वर्षी ९ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ‘ओम शांती ओम’ आणि संजय लीला भन्साळींचा ‘सांवरिया’ एकाच दिवशी लागले. दादानं ओवाळणीत पिक्चर कबूल केला होता, तोही अर्थात शाहरूखचा. टॉकीजवर पोचलो तर हाऊसफुल्ल, ब्लॅकनं पण तिकीट मिळेना. मी नवी साडी नेसलेली, तसंच घरी परतायचं जिवावर आलं. मग दुसरीकडं ‘सांवरिया’ला गेलो. बाल्कनी निम्मी रिकामी. पंधरा मिनिटांत दादाची मान माझ्या खांद्यावर.

पिक्चर रेंगाळतो, हे मलाही मान्य आहे. सकिना पुलावर सलमानची वाट बघते, रणबीर येतो, बोलतात, भांडतात, परत पूल. सगळं निळं-हिरवं, दिवस उगवतच नाही. पण ‘यूँ शबनमी’ सुरू झालं आणि मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसले, सुटलं तेव्हा चुरगळून ओलं झालेलं. वीस वर्षांची होते. आमच्या घरात प्रेम हा शब्द मोठ्यानं कुणी उच्चारत नसे, आणि तो पोरगा पडद्यावर सगळं मोठ्यानं सांगून टाकत होता.

पेपरांनी झोडपला, कॉलेजात सगळे हसले. मला आवडला हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. आता सांगते. तुमचंही लिहा.

चकली_भाजणी
झोहरा सहगल!! लिलियन आजी!! पंच्याण्णव वर्षांची बाई आणि त्या डोळ्यांतला खट्याळपणा बघा. बाकी पिक्चर मी तिच्यासाठी माफ केला. बेगम पारापण होती, सकिनाची आजी, किती वर्षांनी दिसली. कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

केबिनमधला
माझे वडील ऑपरेटर होते. टॉकीजचं नाव राहू दे. आमच्या प्रोजेक्टरचा दिवा जुना, उजेड कमी, आणि हा पिक्चर मुळातच अंधारातला. पडद्यावर चेहरे आणि ओढणीची कड एवढंच दिसायचं. खालून पोरं ओरडायची, "लाईट लाव की रं!" २००० फुटांचं एक रीळ साधारण २२ मिनिटं चालतं. एरवी तेवढ्यात बाबांचा चहा व्हायचा, पण या पिक्चरला ते सगळा वेळ खिडकीपाशी उभे. मी डबा घेऊन गेलो होतो, तेव्हा म्हणाले, "किती कष्टानं उजेड लावलाय त्या माणसानं, आणि आपल्याकडं सगळा काळा दिसतोय." कॅमेरा रवी के. चंद्रनचा होता, हे मला फार नंतर कळलं.

काही वर्षांनी टीव्हीवर लागला. भिंतींवरची चित्रं, निऑनचे दिवे, कालव्यातली होडी, सगळं पहिल्यांदा दिसलं. बाबा खुर्ची पुढं ओढून बसले आणि दर दोन मिनिटांनी, "हे इथं होतं व्हय!" आता बाबा नाहीत. चॅनेल बदलताना हा पिक्चर दिसला की मी शेवटपर्यंत थांबतो.

घाटावरची
@केबिनमधला, दादा, काय लिहिलंत. आम्हालापण तसाच अंधार दिसला होता आणि मी समजत होते की पिक्चरच तसा आहे.

मिसळ_विथ_ब्रेड
भावा रडवलंस. तुझ्या बाबांना नमस्कार.

सूर_वरचा
२००८-०९ ला लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गात होतो. पिक्चर पडला तरी ‘जब से तेरे नैना’ची फर्माईश यायचीच. शानला फिल्मफेअर मिळालं त्याचं. पण खरं अवघड ‘यूँ शबनमी’. पार्थिव गोहिलनं काय गायलंय! मी वर जाईपर्यंत दम संपायचा. आमचे हार्मोनियमवाले काका हातानं दाखवायचे, "तिथं नको, त्याच्या आधीच्या शब्दाला श्वास घे." महिनाभर घासलं तेव्हा जमलं. संगीत माँटी शर्माचं, पण ‘थोडे बदमाश’ची चाल भन्साळींची स्वतःची. २०१० ला ‘गुजारिश’चं सगळं संगीत त्यांनीच दिलं तेव्हा मला नवल वाटलं नाही.

राजारामपुरीकर
मला नाही आवडला आणि अजूनही आवडत नाही. सकिना त्याला इतकं झुलवते, मग सलमान आला की चालली! टॉकीजमध्ये सलमानच्या एन्ट्रीला शिट्ट्या, आणि शेवटी रणबीर एकटा उरला तर सगळे गप्प. मी बारावीला होतो, माझंही तेव्हा तसंच काहीतरी चाललं होतं. सायकल ढकलत रंकाळ्यापर्यंत चालत गेलो. गाणी मात्र मोबाईलमध्ये आहेत, सगळी.

चकली_भाजणी
@राजारामपुरीकर अरेरे. मग तिचं पुढं काय झालं? तुमच्या तिचं.

राजारामपुरीकर
लग्न झालं तिचं, सुखात आहे. माझंही झालं. बायकोला ‘माशाअल्लाह’ फार आवडतं.

फडके_आणि_खडू
मूळ गोष्ट दस्तयेवस्कीची, १८४८ ची. ‘व्हाइट नाइट्स’. लहानशी आहे, चार रात्री आणि एक सकाळ, मुख्य माणसं दोनच. त्यामुळं ताई म्हणतात तो संथपणा तिथलाच आहे. कागदावर तो गोड लागतो, कारण सांगणारा एकटा माणूस आपल्या कानाशी बोलतो. पडद्यावर तेवढ्याच गोष्टीवर दहा-बारा गाणी आणि इतका मोठा सेट चढवला, तिथं ती वाकली. मुलांचे पेपर तपासायचेत, एवढंच लिहिते.

पटाशी
वडील जयप्रभा स्टुडिओत सेटचे सुतार. आमच्या घरी पिक्चर बघायची रीत वेगळी, हिरो-हिरॉईन नंतर, आधी चौकट-खिडक्या. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी पडदे रंगवले, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी निघाली (१९३३ ला पुण्याला गेली, ते दुःख वडील स्वतःचं असल्यागत सांगायचे), त्या गावानं तरी ‘सेट खोटा दिसतो’ म्हणून हसू नये. बांबू, किंतान, खिळे आणि प्लास्टर यातून आख्खी गल्ली उभी करायची म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. ओमंग कुमारचं काम होतं ते.

वडिलांनी सीडीवर बघितला. पुलाचा कठडा आला की "थांबव" म्हणायचे. बोटानं स्क्रीनवर वळण गिरवत म्हणाले, "हे वाकवलेलं न्हाई, बहुतेक तुकडं जोडून रंधा मारलाय, सांधा कुठं दिसतोय बघ." सांधा सापडला नाही. मग म्हणाले, "काम एक नंबर. पण गल्लीत एक बाई तरी धुणं वाळत घालताना दाखवायची. माणसं न्हाईत, म्हणून ओकंबोकं वाटतंय." पिक्चरवर मी वाचलेल्या सगळ्या टीकेत मला पटलेली टीका हीच.

मिसळ_विथ_ब्रेड
काका नाद खुळा!! धुणं वाळत घालणारी बाई!!

चकली_भाजणी
विषय सोडून विचारते, कुणाचे अनारसे तळताना विरघळले का? तांदूळ तीन दिवस भिजवले होते, रोज पाणी बदलून.

फडके_आणि_खडू
गूळ जास्त झाला असेल. पिठात थोडं कोरडं तांदळाचं पीठ मळून एक रात्र ठेवा आणि आच मंद.

घाटावरची
दादाला हा धागा पाठवला, तो आता पुण्यात असतो. उत्तर आलं, "झोपलो नव्हतो. तू रडत होतीस, तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून डोळे मिटले होते." अठरा वर्षं मला माहीत नव्हतं हे.

सूर_वरचा
ताई त्याला कोल्हापूरला बोलवा. मी गातो ‘यूँ शबनमी’.

राजारामपुरीकर
पुढच्या त्रिपुरारीला घाटावरच भेटू की सगळे. गाड्या गंगावेशीत लावायच्या, पुढं गर्दीत जागा मिळत नाही. येताना दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध.

चकली_भाजणी
अनारसे जमले तर मी आणते.