मदत हवी आहे: कल्चरच्या रिपोर्टमध्ये बहुतेक औषधांपुढे ‘आर’, तरीही उपचार सुरू होत नाहीत

शमिका

नमस्कार. माझे वडील रुग्णालयात दाखल आहेत. त्यांचा कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट हाती आला असून त्यात ‘क्लेब्सिएला न्यूमोनिए’ हा जंतू वाढल्याचे लिहिले आहे. सेफ्ट्रिॲक्सोन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, सिप्रोफ्लॉक्सासिन, इमिपेनेम आणि मेरोपेनेम या सर्वांपुढे ‘आर’ (जंतू दाद देत नाही) आहे. कोलिस्टिनपुढे ‘आय’ (मधला गट) आणि टायगेसायक्लिनपुढे ‘एस’ (जंतू दाद देतो) आहे. म्हणजे निदान एक औषध तरी चालते, एवढे मलाही वाचता येते. असे असताना डॉक्टर म्हणतात की सध्या कोणतेही अँटिबायोटिक द्यायचे नाही. बहुतेक औषधांना दाद न देणारा जंतू अंगात असताना थांबायचे कशासाठी? कोलिस्टिन सुरू करण्याचा आग्रह धरावा का, की दुसरे रुग्णालय पाहावे? संध्याकाळी डॉक्टर भेटणार आहेत. त्याआधी कृपया सांगा.

निरंजन

नमुना कशाचा होता? रक्त, लघवी, थुंकी की जखमेतला पू? ताप आहे का? वडील कशासाठी दाखल झाले? क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे? एवढे कळल्याशिवाय कोणी उत्तर दिले, तर ते अंदाजपंचे असेल.

शमिका

नमुन्याने काय फरक पडतो? जंतू तर तोच आहे आणि औषधांची यादीही समोर आहे. मला फक्त कोलिस्टिनविषयी सांगा.

पांथस्थ

शमिकाताई, माझे मत विचाराल तर आता अँटिबायोटिकचा नाद सोडून बॅक्टेरियोफाज उपचाराची चौकशी करा. फाज म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू. फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि जॉर्जियातील त्बिलिसी येथे या उपचारासाठी गेली अनेक दशके संस्था कार्यरत आहे. २०१६ साली अमेरिकेत टॉम पॅटरसन नावाचे प्राध्यापक सर्व औषधे निरुपयोगी ठरलेल्या ॲसिनेटोबॅक्टर या जंतूच्या संसर्गातून फाज दिल्यावर बचावले. या मार्गाकडे इतके कमी लक्ष दिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

निरंजन

पांथस्थ, ते उदाहरण खरे आहे. पण त्या रुग्णाचा संसर्ग जिवावर बेतलेला होता, त्याच्या जंतूवर चालतील असे फाज मुद्दाम शोधावे लागले आणि सोबत अँटिबायोटिकही चालू होती. इथे संसर्ग आहे की नाही हेच अजून ठरलेले नाही.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. शमिकाताई, निरंजन यांनी विचारलेला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. आमच्याकडे नमुना येतो, तो मॅकॉन्की अगर या जंतू वाढवण्यासाठीच्या जेलीसारख्या पदार्थाच्या प्लेटवर पसरवला जातो आणि दुसऱ्या दिवशी क्लेब्सिएलाच्या गुलाबी, ओलसर, सुईने उचलल्यास तार धरणाऱ्या वसाहती दिसतात. रक्तातून आलेला क्लेब्सिएला आणि रुग्णाला कसलाही त्रास न देता आतड्यात राहणारा क्लेब्सिएला प्लेटवर अगदी सारखेच दिसतात. जंतू आहे, हे प्रयोगशाळा सांगते. त्या जंतूमुळे माणूस आजारी आहे का, हे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवावे लागते.

आता ‘एस’ आणि ‘आय’ यांविषयी. टायगेसायक्लिन ऊतींमध्ये पसरते, पण लघवीत फारच थोडे उतरते आणि रक्तातही त्याची पातळी कमीच राहते. नमुना लघवीचा असेल, तर त्या ‘एस’चा उपयोग जवळजवळ नाही. कोलिस्टिनच्या बाबतीत, सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेने २०२० पासून ‘एस’ हा गटच काढून टाकला आहे. तिच्या नियमांनुसार चालणारी प्रयोगशाळा कोलिस्टिनपुढे ‘आय’ किंवा ‘आर’ यांपैकीच काहीतरी लिहू शकते. त्यामुळे तो ‘आय’ पाहून ‘अर्धेमुर्धे तरी चालेल’ असा अर्थ काढू नका. शिवाय कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्यामुळे अगरमध्ये नीट पसरत नाही आणि औषध लावलेल्या साध्या कागदी चकतीची चाचणी त्याच्यासाठी भरवशाची नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रवात जंतू वाढवून) तपासले होते का, हे अवश्य विचारा.

मधुमालती

या सगळ्याचे मूळ एकच आहे: लोक औषधांचा कोर्स पूर्ण करत नाहीत. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितले होते की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. सर्दी विषाणूंमुळे होते, तरी लोक तिच्यासाठी अँटिबायोटिक मागतात. शमिका, वडिलांनी पूर्वी एखादा कोर्स मध्येच सोडला होता का?

निरंजन

मधुमालतीताई, फ्लेमिंग यांचा इशारा अपुऱ्या मात्रेविषयी होता. जास्त दिवस औषध घेतल्याने प्रतिकार टळतो, असा त्याचा अर्थ होत नाही. रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी ७ आणि १४ दिवसांच्या उपचारांची तुलना करणारी ‘बॅलन्स’ ही मोठी चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली आणि तीत ७ दिवस कमी पडले नाहीत. गरजेपेक्षा एकेक दिवस जास्त घेतलेले औषध आतड्यातल्या इतर जंतूंनाही सोसावे लागते आणि त्यांतले न जुमानणारे तेवढे मागे उरतात.

मधुमालती

म्हणजे लोकांनी मनाला येईल तेव्हा औषध थांबवावे, असे आपले म्हणणे आहे का? क्षयरोगाच्या रुग्णाने असे केले, तर काय होईल?

निरंजन

मुळीच नाही. क्षयरोगाचे उपचार अनेक महिन्यांचे असतात आणि ते पूर्ण करावेच लागतात. कोणत्या आजाराला किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘जितके जास्त तितके सुरक्षित’ ही समजूत चुकीची आहे.

शमिका

कृपया मूळ प्रश्नाकडे या. आता विचारून सांगते: नमुना लघवीचा होता. वडिलांचे खुब्याचे ऑपरेशन झाल्यापासून लघवीची नळी आहे आणि नमुना त्या नळीतूनच घेतला. ताप नाही, पोटात किंवा कमरेत दुखत नाही, जेवण व्यवस्थित आहे. लघवी गढूळ आणि वासाची झाली म्हणून तपासणीला पाठवली होती. क्रिएटिनिन २.१ आहे. त्यांच्या खोलीबाहेर आता पिवळा कागद लावला आहे आणि प्रत्येक जण गाऊन व हातमोजे घालून आत जातो. त्यांना काही होत नसेल, तर हे सारे कशासाठी?

सूक्ष्मदर्शी

हीच माहिती पहिल्या प्रश्नात हवी होती. आता चित्र बरेच स्पष्ट झाले. नळी बसवल्यावर रोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू नव्याने दिसू लागतात आणि नळी महिनाभर राहिली, तर ते जवळजवळ सगळ्यांकडे असतात. गढूळपणा आणि वास हे एकटे संसर्गाचे लक्षण मानले जात नाही. ताप, थंडी वाजणे, रक्तदाब उतरणे, कमरेच्या बाजूला दुखणे असे काही नसताना लघवीत केवळ जंतू असणे याला संसर्ग न म्हणता जंतूंची वसाहत म्हणतात, आणि गर्भवती स्त्रिया किंवा मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रिया असे अपवाद वगळता तिच्यावर उपचार करत नाहीत. कोलिस्टिनने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते आणि वडिलांचे क्रिएटिनिन आधीच वाढलेले आहे. जिथे फायदा नाही, तिथे ही जोखीम डॉक्टरांनी घेतली नाही, म्हणून माझ्या दृष्टीने त्यांचा निर्णय योग्य आहे आणि त्यासाठी रुग्णालय बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

गाऊन आणि हातमोजे शेजारच्या रुग्णांसाठी आहेत. मेरोपेनेम निष्प्रभ करणाऱ्या एन्झाइमचे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या छोट्या स्वतंत्र वर्तुळावर) असते आणि ते एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकते. हातांवरून, नळीच्या पिशवीवरून, सिंकमधून हा जंतू पसरतो. पिशवी रिकामी करताना हातमोजे घालायचे, ते काढल्यावर पुन्हा हात धुवायचे आणि पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली ठेवायची, एवढे तुम्हीही पाहू शकता.

निरंजन

संध्याकाळी दोन गोष्टी विचारा. पहिली, नळी अजून लागते का? दुसरी, मेरोपेनेम निष्प्रभ करणारे कोणते एन्झाइम हा जंतू बनवतो: केपीसी, ऑक्सा-४८ की एनडीएम? पुढे कधी खरोखर संसर्ग झाला, तर यावर बरेच अवलंबून राहील. सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम पहिल्या दोन प्रकारांवर चालते, एनडीएमवर नाही. एनडीएम ॲझ्ट्रिओनाम या औषधाला तोडू शकत नाही, पण जंतूची इतर एन्झाइम तोडू शकतात आणि त्यांना ॲविबॅक्टम रोखते, म्हणून तिथे सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टमसोबत ॲझ्ट्रिओनाम जोडून देतात.

शमिका

डॉक्टर भेटले. एन्झाइमची चाचणी झाली असून ते एनडीएम आहे. नळी उद्या सकाळी काढणार आहेत आणि लघवी पूर्ण होते का, हे सोनोग्राफीने पाहणार आहेत. ताप आला, तर आधी रक्ताचा कल्चर घेतील आणि मग औषध ठरवतील. सर्वांचे आभार. नळी काढल्यावर जंतू गेला की नाही, हे पाहायला लघवी पुन्हा तपासून घ्यावी का?

सूक्ष्मदर्शी

त्रास नसेल, तर तपासू नका. पुन्हा जंतू दिसला, तरी उपचार बदलणार नाहीत; मात्र एखादा नवा डॉक्टर तो रिपोर्ट पाहून औषध सुरू करण्याची शक्यता वाढेल. हा जंतू आतड्यात कित्येक महिने राहू शकतो, म्हणून आत्ताच्या रिपोर्टची प्रत फाइलमध्ये ठेवा आणि पुढे कुठेही दाखल व्हावे लागले, तर ती पहिल्याच दिवशी दाखवा.