मदत हवी आहे: फिल-इन दाबायला जातो आणि एंडिंग लागतं!

नवा अरेंजर कीबोर्ड (ताल आणि साथ आपोआप वाजवणारा) घेतलाय, ६१ पट्ट्यांचा. आवाज झकास, पण बटणांची मांडणी म्हणजे डोक्याला ताप. इंट्रो (सुरुवात), फिल-इन (मधेच तालाची छोटी भर), एंडिंग (शेवट करून ताल थांबवणारं) सगळी एका रांगेत, एकाच आकाराची, चिकटून. काल अंतऱ्याआधी बोट जरा घसरलं आणि एंडिंग वाजलं. गायिका सूर धरून उभी, ताल गायब! ट्रान्सपोज (स्वरपट्टी वर-खाली करणं) तर मेनूत तीन पानं आत (हे कुणाला सुचलं असेल?).

रजिस्ट्रेशन मेमरी (सगळ्या सेटिंग्ज एका बटणावर साठवायची सोय) लावून पाहिली, पण बटण बदललं की टेम्पोही उडी मारतो. फ्रीझमध्ये (मेमरीचं बटण बदललं तरी ठरावीक सेटिंग्ज तशाच ठेवणारी सोय) तुम्ही नेमकं काय काय धरून ठेवता? आणि फिल-इन पायाच्या स्विचवर टाकून कुणी वाजवतं का? डावा हात कॉर्डवर, उजवा सुरावटीवर, तिसरा आणू कुठून?