आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेताना: पिक्स, क्रम आणि गिळण्याची अडचण

नवी_सेविका:
रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकरी) नेण्याची सेवा मला मिळाली आहे. प्रार्थनांचा क्रम पुस्तकात आहे, पण हातांनी करायच्या गोष्टी त्यात नाहीत. यादीतल्या एका आजींना पक्षाघातानंतर गिळायला त्रास होतो, एका काकांना सतत ऑक्सिजन लावलेला असतो आणि एका बाईंना स्मृतिभ्रंश आहे. सोबत काय न्यावं? आजाऱ्यांना उपवासाचा नियम लागतो का? एखाद्याला घेताच आलं नाही, तर उरलेल्याचं काय करायचं?

वेदीसेवक:
ताई, आधी प्रत्येक घरी फोन करा. घेणारे किती ते मोजा आणि तेवढेच होस्ट (ख्रिस्तप्रसादाच्या पातळ चकत्या) पिक्समध्ये, म्हणजे ते नेण्याच्या छोट्या डबीत, ठेवा. आजाऱ्याची देखभाल करणाऱ्यांनाही विचारा. रविवारी घर सोडता न आल्याने त्यांचीही मिस्सा चुकलेली असते आणि अनेकदा त्यांना कुणी विचारतच नाही. ऐन वेळी कुणी वाढलं तर एका होस्टचे दोन भाग करता येतात.

पिक्सचं झाकण घट्ट बसतं का, हे रिकामी असतानाच तपासा. बिजागरी सैल असेल तर थैलीत झाकण उघडतं. थैली गळ्यात घालून कपड्यांच्या आत ठेवावी, पर्समध्ये किंवा गाडीच्या कप्प्यात नको. चर्चमधून निघालात की थेट त्या घरी. वाटेत बाजार नाही, रेंगाळणं नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या संहितेचा (कॅनन लॉ) ९३५वा नियमही सांगतो की पाळकीय गरज असल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद कुणी जवळ बाळगू नये.

सोबत कॉर्पोरल (पिक्सखाली अंथरायचं पांढरं कापड), एक प्युरिफिकेटर (पुसायचं छोटं कापड), छोटा क्रूस आणि मेणबत्ती असावी. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मात्र मेणबत्ती अजिबात पेटवू नका, सिलिंडर असो वा मशीन. तिथे बॅटरीवरचा दिवा चालतो.

हात सॅनिटायझरने पुसले तर पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओल्या बोटांना होस्ट चिकटतो, त्याचे कण सुटतात आणि सॅनिटायझरची कडू चव आजाऱ्याच्या तोंडात जाते. कॉर्पोरल घडी घालताना चारही बाजू आत वळवा, म्हणजे कण आतच राहतात. ते धुताना पहिलं पाणी सॅक्रेरियममध्ये (पाणी थेट मातीत जाणाऱ्या चर्चमधल्या खास कुंडीत) किंवा झाडाच्या मुळाशी मातीत ओतायचं, मग नेहमीसारखं धुवायचं.

उपवासाबद्दल: १९७३ साली आजारी आणि वृद्धांसाठी एक तासाऐवजी साधारण पाव तास पुरेसा ठरवला गेला. १९८३च्या संहितेने (नियम ९१९) तीही अट काढली. वृद्ध, आजारी आणि त्यांची देखभाल करणारे, तासाभरात काही खाल्लं असलं तरी कम्युनियन घेऊ शकतात. मधुमेहाच्या रुग्णाला उपाशी ठेवायची काहीच गरज नाही.

रुग्णसेविका:
गिळण्याच्या अडचणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चुकीचा सर्वात मोठा धोका तिथेच आहे.

घरच्यांना पहिला प्रश्न विचारा: आजी साधं पाणी पितात की घट्ट केलेलं? डॉक्टरांनी पाणी घट्ट करून द्यायला सांगितलं असेल, तर कम्युनियननंतर सवयीने साध्या पाण्याचा घोट देऊ नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घरात जे देतात तेच, त्याच चमच्याने, घरच्यांच्याच हातून द्या.

आजींना सरळ बसवा, मान किंचित पुढे. मान मागे टाकून भरवणं सगळ्यात वाईट. तोंड कोरडं असेल तर होस्ट टाळूला चिकटतो, म्हणून आधी तोंड ओलं करून घ्या. होस्टचा अगदी लहान तुकडा पुरतो, त्यात ख्रिस्त पूर्णच असतो. पक्षाघाताने एक बाजू कमजोर असेल तर तुकडा चांगल्या बाजूला ठेवा. गिळून होईपर्यंत बोलायला लावू नका, पुढची प्रार्थना थांबू दे. खोकला आला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला तर पुढे काही देऊ नका. नंतरही थोडा वेळ त्यांना बसवूनच ठेवा.

घन काहीच चालत नसेल, तर फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येते (नियम ९२५). पण ते आधी फादरांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं, आणि न सांडणारं घट्ट झाकणाचं पात्र लागतं. तोंडाने काहीच द्यायचं नाही असा डॉक्टरांचा आदेश असेल, तर आत्मिक कम्युनियनची प्रार्थना (होस्ट न घेता ख्रिस्ताला मनात बोलावण्याची) म्हणा. तिला दुय्यम समजू नका.

स्मृतिभ्रंश असलेल्या बाईंसोबत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सावकाश म्हणा. बाकी सगळं विसरलेली माणसंही पुष्कळदा हे शब्द ओठांवर आणतात. मग होस्ट दाखवा आणि वाट पाहा. तोंड मिटून घेतलं तर जबरदस्ती नको, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

मंडळीचा_पाळक:
प्रॉटेस्टंट वाचकांसाठी एक भर. आमच्याकडे बहुतेक मंडळ्यांत पाळक घरीच छोटी प्रभुभोजनाची उपासना घेतात. हात थरथरत असतील तर पेला अर्ध्याहून कमी भरा, किंवा भाकरीचा तुकडा रसात बुडवून द्या. घरी भाग पोचवण्याची प्रथा मात्र आपल्या सर्वांची समान आहे. इ.स. १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर हा सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक लिहितो की गैरहजर असलेल्यांकडे डीकन (मंडळीचे सेवक) तो भाग घेऊन जात.

नवी_सेविका:
सर्वांचे मनापासून आभार. तोंडातून बाहेर आलेल्या तुकड्याचं काय करायचं? आणि शेवटचा आशीर्वाद मी देऊ शकते का?

वेदीसेवक:
बाहेर आलेला तुकडा प्युरिफिकेटरमध्ये घ्या, चर्चमध्ये आणून पाण्यात पूर्ण विरघळू द्या आणि ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओता. न वापरलेला होस्ट तुम्ही स्वतः घ्या किंवा टॅबरनॅकलमध्ये (चर्चमधल्या ख्रिस्तप्रसादाच्या कुलूपबंद पेटीत) परत ठेवा. ‘संध्याकाळी देऊ’ म्हणून घरच्यांकडे ठेवायचा नाही, त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

आशीर्वादासाठी आजाऱ्यावर हात उंचावून क्रूस काढू नका. स्वतःवर क्रूसाची खूण करत ‘प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो’ असं म्हणा. रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी) आणि पापनिवेदन (पापांची कबुली ऐकून क्षमा देणं) फक्त धर्मगुरूंकडे. कुणाची प्रकृती खालावलेली दिसली, तर रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी फादरांना कळवा.