कार्यानुभवाच्या तासाला सिलिंडर बदलायला शिकवलं तर काय बिघडतंय?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात मिसेस माहेरी गडहिंग्लजला, मी शिरोलीत कामावर, घरात पोरगा एकटा, यंदा दहावीला ९१ टक्के पडलेत. साडेबाराला फोन, पप्पा गॅस संपला. म्हटलं भरलेली टाकी हाय की, लाव. तर म्हणे रेग्युलेटर निघतच नाही. व्हिडिओ कॉल केला तर गडी नॉब चालूच ठेवून ओढालाय! शेवटी शेजारच्या काकू आल्या, नॉब बंद करून काढला, नव्या टाकीत वायसर आहे का बघितलं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं, दोन मिनिटांत विषय संपला. फिजिक्समधलं प्रेशर ह्याला तोंडपाठ. मग शाळेत कार्यानुभवाचा तास कशासाठी असतोय? का मीच घरी शिकवायला पाहिजे होतं? स्पष्ट सांगा, शिव्या चालतील.

करवीरचा मास्तर:
शाळेचं नाव नको, पण परीक्षा जवळ आली की गणितवाले सर पहिला हाच तास मागून घेतात. उरलेल्यात आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी, ती पण रात्री अकराला आई चिकटवत बसलेली असते. गेल्या वर्षी मी सहावीला शर्टाला बटण लावायला दिलं. सुईत दोरा ओवण्यातच अर्धा तास गेला, एकानं तर पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून टाकली, शर्ट अंगात जाईना. पोरं जाम खूश होती. दुसऱ्या दिवशी एक पालक हजर, "पोराला टेलर करणार काय सर?"
२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून पोरांनी शिकायचं. आम्ही त्यातला एक दिवस कणेरी मठावर, तिथल्या गावगाड्याच्या पुतळ्यांच्या म्युझियममध्ये घालवला. पोरं सुताराचा पुतळा बघून आली, रंधा कुणी हातात धरला नाही.

लक्ष्मीपुरीची वैनी:
राग मानू नका, मी तोंडावर बोलतो. हे घरचं काम हाय, शाळेवर ढकलू नका. आमच्यात पोरगा-पोरगी दोघं आठवड्यातनं एक एक वेळ स्वयंपाक करत्यात. पोरानं पहिल्या दिवशी कुकरला पाणीच घातलं नव्हतं, सगळ्या घरभर वास, डाळ तळाला कोळसा. पुन्हा कधी विसरला नाही. तुमचा ९१ टक्केवाला अभ्यास करत होता तेव्हा पाण्याचा तांब्या पण तुम्हीच हातात देत असणार.

उद्यमनगरचा वायरमन:
वैनी, स्वयंपाकाचं पटलं, पण सगळंच घरी कसं शिकणार? आईबापालाच माहीत नसलं तर? २०१९ च्या पुराचं पाणी उतरल्यावर शाहूपुरीत एका घरी गेलो, मालक चांगले शिकलेले, ओल्या भिंतीला टेकून चिखलात उभे आणि मेन स्विच वर करायच्या बेतात. ओरडलोच मी. तीन पिनांच्या प्लगला एक पिन लांब का असते विचारा कुणालाही, अर्थिंग पहिलं लागावं आणि शेवटी सुटावं म्हणून, एवढं पण माहीत नसतंय. आणि २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट पडतंय, हे तर गणिताच्याच तासात बसतंय की, वेगळा तास कशाला.

करवीरचा मास्तर:
वायरमन भावा, बरोबर. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम काढला, त्यांच्या पद्धतीत आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात, वेल्डिंग, वायरिंग, शेती, घर-आरोग्य सगळं. सामान लागतंय, शिकवणारा माणूस लागतोय. मला कुणी दिला तर उद्या सुरू करतो.

राजारामपुरीकर:
वैनी, तांब्याचं बरोबर ओळखलंत 😅 रविवारी पोराकडनं रेग्युलेटर तीनदा काढून लावून घेतला. तर त्यानंच मला विचारलं, टाकीच्या कड्याजवळ सी-२७ लिहिलंय ते काय? मला सांगता येईना राव.

उद्यमनगरचा वायरमन:
टाकीच्या टेस्टिंगची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी शेवटचे तीन महिने. तुमची सप्टेंबर २०२७ पर्यंत चालतीय. मुदत संपलेली टाकी आली तर पोराला सांगा, गाडीवाल्याला तिथंच परत द्यायची.