कॅम्पर व्हॅनमध्ये हत्यारं आणि स्पेअर पार्ट किती न्यावेत? (जळगाव ते तोरणमाळ)

तापीकाठ_जळगाव
नमस्कार मंडळी. जुनी डिझेल ट्रॅव्हलर घेऊन कॅम्पर करून घेतलीय. आत दोन बर्थ, छोटा ओटा, सिंक, पाण्याची टाकी, 12 व्होल्टची लिथियम बॅटरी. आरटीओत बदल रीतसर चढवलाय. दत्तजयंतीच्या सुमारास चोपडा, शिरपूर, शहादा करत वर तोरणमाळ, येताना प्रकाशा आणि सारंगखेड्याची यात्रा असा बेत आहे.

प्रश्न हत्यारांचा. आमचे अण्णा भुसावळला रेल्वेत फिटर होते. त्यांनी काढलेली पेटी एकट्याने उचलत नाही. बायको म्हणते, त्या जागेत पोरांच्या गाद्या बसतील. दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतोय. खरोखर काय लागतं?

चौफुलीवरचा
काय भो, मॉडेल कोणतं? धुराच्या नियमांत बीएस-4 ची की 6 ची? डीईएफ (धूर साफ करायचं युरियाचं पाणी) लागणारी असेल तर सल्ला बदलतो.

तापीकाठ_जळगाव
बीएस-4 आहे. डीईएफ नाही.

पाना_पक्कड_धुळे
दादा, तुम्ही ज्या पट्ट्यात चाललात तो ऊस, केळी, कपाशीचा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर प्रत्येक मोठ्या गावात ट्रॅक्टरचं गॅरेज, वेल्डिंगवाला आणि टायरवाला बसलेला आहे. बत्तीस नंबरचा पाना, मोठा हातोडा, पुलर हे सगळं त्यांच्याकडे असतं. मिस्त्री सापडतो, पण तुमच्या गाडीचा पार्ट सापडत नाही. म्हणून अण्णांची पेटी अर्धी करा आणि त्या जागेत पार्ट भरा.

माझ्या गाडीत कायम असतं ते सांगतो. फॅन बेल्ट, रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज (रबरी नळी), दोन-तीन मापांच्या होज क्लिपा, डिझेल फिल्टर, इंजिन ऑइलचा एक डबा, गाडीत आहे त्याच जातीचं कूलंट, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली. सीलबंद अशासाठी की फोडलेली बाटली हवेतला ओलावा ओढते. मग तेल गरम झालं की उकळतं आणि घाटात ब्रेक दबत जातो.

मागे म्हसावदच्या पुढे आमचा वरचा होज क्लिपेपाशी चिरला. बोनेटमधून वाफ. गावातून ट्रॅक्टरचा मिस्त्री आला. त्याने इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, चिरलेलं तोंड हॅक्सॉ ब्लेडने दोन बोटं कापलं, उरलेला होज ओढून परत चढवला. जुनी क्लिप गंजून तुटली होती, नवी माझ्या डब्यात होती. तेवढ्यावर आम्ही वर जाऊन आलो. क्लिप नसती तर शहाद्यापर्यंत माणूस पाठवावा लागला असता. इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला मात्र कोणी हात लावू नये. गरम असताना उघडलं की तोंडच भाजतं.

हत्यारांत 8 ते 19 पर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने, एक ग्रिप प्लायर, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, एलन की, हॅक्सॉ ब्लेड, बाइंडिंग तार, केबल टाय, हेडलॅम्प. हेडलॅम्प विसरू नका. रात्री एका हातात मोबाइल धरून नट सोडवता येत नाही.

शिंदखेडेकर
गाडीम्हा जागा शे म्हनीसन सगळं घर भरू नको, भाऊ. आजकाल स्टेपनीसुद्धा सक्तीची नाही. 2020 पासून नियम बदललाय. महामार्गावर 1033 ला फोन लावायचा, गाडी येते. एवढं टेन्शन कशाला?

केळीबाग_रावेर
नियम अर्धाच सांगितला भाऊ. ती सवलत साडेतीन टनांपर्यंतच्या आणि ड्रायव्हर धरून जास्तीत जास्त नऊ माणसांच्या गाडीला आहे. तीही टायर ट्यूबलेस असतील, सोबत रिपेअर किट असेल आणि टायरची हवा दाखवणारी यंत्रणा बसवलेली असेल तरच. 1033 राष्ट्रीय महामार्गासाठी आहे, तोरणमाळच्या घाटात नाही. राणीपूर सोडलं की रेंजचाही भरवसा नाही. स्टेपनी पाहिजेच.

पंक्चरची स्ट्रिप फक्त टायरच्या तळव्याला चालते. कडेला कट गेला तर स्ट्रिपने काही होत नाही, चाकच बदलावं लागतं. मुक्कामाला गाडी शेताच्या बांधावर घालणार असाल तर हे होणारच. कपाशीच्या पऱ्हाट्या कापल्या की जे खुंट उरतात ते वेड्या बाभळीच्या काट्यापेक्षा वाईट.

दुसरं जॅकचं. गाडीसोबत आलेला जॅक रिकाम्या गाडीच्या हिशेबाचा असू शकतो. आता त्यात ओटा, टाकी, बॅटरी चढली. वजनकाट्यावर भरलेली गाडी एकदा घाला आणि जॅकवर लिहिलेली क्षमता बघा. खाली ठेवायला फूटभर चौरस, दोन इंच जाडीची सागवानी फळी घ्या. आपल्या काळ्या मातीत जरा ओल असली की नुसता जॅक आत जातो, गाडी वर येत नाही. चाकांना लावायला लाकडी ठोकळेही हवेतच, उतारावर दगड शोधत बसू नये.

निघण्याआधी घरी एकदा चाकाचे नट हाताने सोडवून बघा. टायरवाले हवेच्या गनने इतके आवळतात की गाडीतल्या पान्याने हलत नाहीत. दोन-अडीच फुटी पोकळ पाइप पान्यावर चढवला की काम होतं. हा पाइप मी अण्णांच्या पेटीतल्या कशाच्याही आधी घेईन.

गिरणाई
सगळे इंजिनातच अडकलात. वहिनींच्या बाजूनेही बोलते. आम्ही उन्हाळा सोडून वर्षभर फिरतो. आमची गाडी रस्त्यात क्वचित बंद पडली, आतलं घर मात्र सारखं कुरकुरतं. सगळा हादऱ्यांचा खेळ. चोपड्यापासून शिरपूरपर्यंत खड्ड्यांत वायरींचे थिंबल (टोकाला दाबून बसवलेले धातूचे जोड) सैल होतात, मग पंप चालत नाही किंवा दिवे लुकलुकतात. म्हणून एक मल्टीमीटर, थोडी वायर, थिंबल आणि क्रिंपिंगची पक्कड ठेवा. फ्यूज प्रत्येक अँपिअरचे चार-चार: 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. लाल जळला म्हणून हाताशी आहे तो हिरवा टाकायचा नाही. मग फ्यूज टिकतो आणि वायर पेटते.

पाण्याचा पंप चालतो पण पाणी येत नाही, असं झालं तर आधी पंपाच्या तोंडाची जाळी उघडून धुवा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. सोबत टेफ्लॉन टेप आणि नळाचे दोन वॉशर.

शेगडी गॅसची असेल तर सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला आणि गाडी चालू असताना व्हॉल्व्ह बंद. नळीवर छापलेली तारीख बघा, रेग्युलेटर बसतो तिथला रबरी वॉशर जादा ठेवा. गळती साबणाच्या पाण्याने बघायची, काडी पेटवून नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. म्हणून खाली, जमिनीलगत हवा जायला भोक हवंच. आणि पावडरचं अग्निशामक नळकांडं दाराशी, बर्थखाली नाही.

तीच गोष्ट हत्यारांची. पावसात टायर बसला आणि पाना गादीखालच्या कप्प्यात असला की आधी पोरं उठवा, मग गाद्या काढा. रस्त्यावर लागणारं सगळं सरकत्या दाराच्या पायरीपाशी एका कॅनव्हासच्या पिशवीत. लोखंडी पेटी वाजते रात्रभर. आम्ही पाने जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळतो, आवाज नाही की गंज नाही.

चौफुलीवरचा
ताईंशी सहमत. फक्त जड सामान मागच्या दाराशी किंवा टपावर नको. दोन चाकांच्या मधे, खाली. टपावर पेटी ठेवून सातपुडा चढलात तर वळणावर गाडी झुलते.

तापीकाठ_जळगाव
सगळ्यांचे आभार. धागा अण्णांना वाचून दाखवला. पाइपचं ऐकून खूश झाले, लगेच अडगळीतून काढलाय. पेटीतला व्हाइस (वस्तू आवळून धरायचा लोखंडी शिकंजा) मात्र न्यायचाच म्हणतात.

शेवटचं एक. फॅन बेल्टवरचा नंबर पुसलाय. दुकानात काय सांगू?

पाना_पक्कड_धुळे
व्हाइस घरी ठेवा, अण्णांना सोबत घ्या.

बेल्टसाठी गाडीच दुकानापर्यंत न्या. सोबत इंजिन नंबर आणि आरसीची प्रत. बेल्टच्या आतल्या खाचा मोजून, जुन्याला लावून बघून घ्या. आणि नवा बेल्ट डब्यात ठेवू नका, तिथेच बसवून घ्या. काढलेला बेल्ट चिरलेला नसेल तर तो स्पेअर म्हणून ठेवा. म्हणजे बसवायला कोणता पाना लागतो, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) कुठून सोडवायचा, हे जळगावातच कळतं.