उत्तर: रकाने मात्रांमुळे सरकतात

घणसोलीच्या सोसायटीचं वर्षाचं कॅलेंडर पायथन या प्रोग्रामिंग भाषेने काढताना ‘शनि’चं ‘शन’ होतं आणि वार तारखांवर बसत नाहीत, हा प्रश्न लोकेलचा (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचा) नाही. टेक्स्टकॅलेंडर हे पायथनमधलं साध्या मजकुरात कॅलेंडर काढणारं साधन वाराचं नाव रुंदीइतकं कापतं आणि मात्रा, अनुस्वार वेगळं अक्षर म्हणून मोजतं. ‘शनि’ त्याच्या लेखी तीन अक्षरं, म्हणून रुंदी २ ठेवली की वेलांटी उडते. रुंदी ३ केली तर ‘शनि’ पूर्ण येतो, पण ‘शुक्र’चा ‘शुक’ होतो आणि रकाने सरकतातच, कारण कागदावर मात्रा पूर्ण अक्षराइतकी वेगळी जागा घेत नाही. वाराचं नाव काढणारं ‘फॉरमॅटवीकडे’ हे फंक्शन स्वतः लिहून सो, मं, बु, गु, शु, श, र द्या आणि पुढची मोकळी जागा हाताने भरा.

त्यातही एक अडचण उरते: कुरिअर या समान रुंदीच्या अक्षरांच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, ती अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून वेगळ्या रुंदीची येतात. म्हणून तारखा, वार सगळंच मराठीत हवं असेल तर सरळ वेबपानाचा तक्ता बनवणारं एचटीएमएलकॅलेंडर वापरा. तक्त्यात रकाना हलत नाही.

आठवडा रविवारपासून हवा तर ‘फर्स्टवीकडे’ या सेटिंगला ६ द्या. मूळ ० म्हणजे सोमवार.

इंग्रजी आकडे चालत असतील तर टेक्स्टकॅलेंडरच्या पूर्ण वर्ष काढणाऱ्या ‘फॉरमॅटइयर’ फंक्शनची मूळ मापं ठेवा. ओळ ७२ अक्षरांची होते, १२ पॉइंट कुरिअरमध्ये ७.२ इंच. ए४ कागद ८.२७ इंचांचा, त्यामुळे दोन्हीकडे एकेक इंच समास ठेवलात तर ओळी मोडतात. अर्धा इंच ठेवा.