मदत हवी आहे: ६.११ चे मीटर नेमके किती होतात?

बांधकरी: नमस्कार. ६.११ चे मीटर किती होतात, हे मला आज रात्रीपर्यंत हवे आहे. मी ६.११ ला आधी ३३ ने आणि मग ०.३०४८ ने गुणले, तेव्हा ६१.४६ आले. भाच्याने मोबाईलवर केले, त्यालाही तेच उत्तर आले. प्रत्यक्ष टेप लावला तर आकडा ६७ च्या पुढे जातो. कुंपणाचे खांब उद्या सकाळी येणार आहेत, त्यामुळे कृपया मुद्द्याचे तेवढेच लिहावे.

चौकसताई: ६.११ कसले, हे आपण लिहिलेलेच नाही. ३३ ने का गुणले, आकडा कोणत्या कागदावरून घेतला आणि टेप कोणत्या दोन टोकांमध्ये धरला, हे समजल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

टेपवाला: चूक टेपचीच असणार. फायबरचा टेप जोरात ओढला की ताणतो, मध्ये झोळ पडला की माप जास्त भरते, आणि वापरून वापरून पुढची कडी सैल झालेली असली तर प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो. मी गेली कित्येक वर्षे पोलादी टेपशिवाय काम केलेले नाही, आणि तोही दुपारच्या उन्हात वापरत नाही.

फूटपट्टी: टेपवाले, पोलादी टेप ३० मीटरचा असेल आणि तापमान २० अंशांनी वाढले, तर त्याची लांबी साधारण ७ मिलिमीटरने वाढते. इथे जवळजवळ सहा मीटरचा फरक आहे. एवढा झोळ पडायला टेप दोरीवर वाळत घालावा लागेल.

बांधकरी: साखळी, म्हणजे जमीन मोजायचे जुने माप. आजोबांच्या वेळचे जमीन मोजणीचे टिपण आहे, त्यावरचा आकडा आहे. साखळी ३३ फुटांची असते हे सर्वांना माहीत असते, म्हणून वेगळे लिहिले नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की कागद खरा की टेप? कागद खरा असेल तर आमचा बांध शेजारच्या काकांच्या रानात सहा मीटर शिरलेला आहे.

रुळावरचा: साखळी ३३ फुटांची हे मुळात मान्य नाही. आम्ही शिकलो ती गुंटरची साखळी ६६ फुटांची, तिच्या १०० कड्या, म्हणजे एक कडी ७.९२ इंचांची. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो. त्या हिशेबाने आपले ६.११ म्हणजे ६ साखळ्या ११ कड्या, म्हणजे ४०३.२६ फूट, म्हणजेच १२२.९१ मीटर.

बांधकरी: १२२ मीटरवर आमच्याकडे ओढा आहे.

हेक्टरी: गुंठा आणि आर यांत लोक नेहमी गल्लत करतात म्हणून सांगतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर.

चौकसताई: हेक्टरी, त्यांनी लांबी विचारली आहे, क्षेत्र नव्हे. बांधकरी, मूळ कागदावर सहा आणि अकरा यांच्यामध्ये खरोखर दशांशचिन्ह आहे का?

बांधकरी: चिन्ह नाही, थोडी जागा सोडलेली आहे. टिंब भाच्याने टाइप करताना दिले. त्याने काय फरक पडतो?

निवृत्त भूकरमापक: सगळा फरक तिथेच पडला आहे. जुन्या टिपणातली ३३ फुटांची साखळी १६ आण्यांची असते, जसा रुपया १६ आण्यांचा असे. आपले माप ६ साखळ्या ११ आणे आहे. ते सहा पूर्णांक अकरा शतांश नव्हे. अशा मापाचे आधी आणे करावेत, म्हणजे टिंबाचा प्रश्नच राहत नाही. सहा सोळे शहाण्णव आणि अकरा मिळून १०७ आणे. एक आणा २.०६२५ फुटांचा, म्हणून २२०.६८७५ फूट, आणि त्यांचे मीटर ६७.२७. टेप खरा आहे, कागदही खरा आहे, फक्त टिंब खोटे आहे. त्या रकान्यातले बाकीचे आकडेही पाहा: डावीकडे काहीही असो, उजवीकडे १५ च्या वरचा आकडा कुठेही दिसला नाही, तर ते आणेच समजावेत. दुसरी बाजू किती आहे?

बांधकरी: पंधराच्या वर एकही नाही. दुसरी बाजू ३ आणि ४. ती ३.४ धरून ३४.२० मीटर काढली होती, आणि तिथे टेप उलट दीड मीटर कमी दाखवत होता, म्हणून तर डोके चालेनासे झाले होते.

निवृत्त भूकरमापक: बरोबर आहे. चार आणे म्हणजे पाव साखळी, ०.४ नव्हे, ती बाजू ३.२५ साखळ्या, म्हणजे ३२.६९ मीटर. नऊपर्यंतचे आणे दशांश म्हणून वाचले की बाजू लांबते, आणि दहा ते पंधरा आणे तसे वाचले की आखडते. त्यामुळे सगळे शेत सारख्या प्रमाणात लहान न होता वेडेवाकडे होते.

सुतारकाम: आमच्याकडे हेच फूट-इंचांत होते. मुलाने ३ फूट १० इंच हे माप संगणकात ३.१० असे भरले, यंत्राने शेवटचे शून्य गाळून ३.१ केले, आणि ३ फूट १ इंचही तिथे ३.१ असाच लिहिलेला होता. कपाटाची दोन दारे एकाच मापाची कापली गेली. तेव्हापासून मी सगळी मापे सुतांतच लिहितो, आठ सुतांचा एक इंच. दाराचे माप ३६८ सूत लिहिले की टिंब द्यायला जागाच उरत नाही.

रुळावरचा: ३३ फूट कशावरून, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

चौकसताई: ते तर क्षेत्रावरूनच कळेल. बांधकरी, शेत साधारण काटकोनी असेल तर सातबाऱ्यावरचे क्षेत्र सांगा.

बांधकरी: काटकोनीच आहे, पोटखराबा (लागवडीला अयोग्य भाग) नाही. सातबाऱ्यावर ०.२२.०० हेक्टर-आर, म्हणजे २२ आर आहे.

हेक्टरी: मग माझे उत्तर अगदीच वाया गेले नाही. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, त्यामुळे साखळीला साखळीने गुणले की थेट गुंठे मिळतात. ६.६८७५ गुणिले ३.२५ म्हणजे २१.७३ गुंठे, आणि त्यांचे २१.९९ आर. साखळी ६६ फुटांची असती तर क्षेत्र याच्या चौपट, म्हणजे ८८ आरच्या आसपास आले असते.

रुळावरचा: मान्य. पण रुळावर साखळी ६६ चीच होती.

निवृत्त भूकरमापक: आता खांब रोवायला हरकत दिसत नाही, पण शेजाऱ्यांना समोर उभे करूनच रोवावेत. हद्दीबद्दल वाद निघालाच, तर आपण केलेले हे गणित कामाला येणार नाही. सरकारी मोजणीचा अर्ज करावा लागेल.

बांधकरी: सर्वांचे आभार. काकांना रात्रीच फोन केला; त्यांना यातले काही माहीतच नव्हते, ते उद्या सकाळी बांधावर येत आहेत. अडीच मीटरवर एक खांब या हिशेबाने ६१.४६ साठी २६ खांब सांगितले होते, आता या बाजूला २८ लागतील. दोन वाढवून मागितले आहेत.

टेपवाला: तरीही टेप एकदा तपासून घ्यावा.